मशीनचा विमा असतो, माणसांचं काय?

वाळूज औद्योगिक वसाहतीत शेड टाकलेल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला विचारा, विमा काढलाय का? 'काढलाय की!' असं ठसक्यात उत्तर येतं. कागद पाहिला तर तो आगीचा विमा निघतो, तोही कर्ज देताना बँकेने गळ्यात मारलेला. इमारत, मशिनरी, स्टॉक सगळं त्यात आहे. प्रेसवर उभा असलेला पोरगा मात्र त्यात कुठेच नाही.

आणि मालकाला दाव्यात ओढतो तो बहुतेक वेळा या पोराचाच अपघात. हिशोबच मांडू. 30 वर्षांच्या कामगाराचा अंगठा पॉवर प्रेसखाली गेला. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कोष्टकात अंगठा म्हणजे 30 टक्के कमाईचं नुकसान. पगार कितीही असो, मोजायला धरायचे जास्तीत जास्त 15 हजार. त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा आकडा 207.98, आणि त्याचे 30 टक्के. झाले 5 लाख 61 हजार 546 रुपये. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड मालकाच्याच खिशातून जातो.

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. जबाबदारी काही हलकी झाली नाही. उलट घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही काही अटींवर तिच्यात आला, म्हणजे रांजणगाव शेणपुंजीहून सायकलवर येणाऱ्या हेल्परचा रस्तासुद्धा.

दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागू होते आणि 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांचा भार तिकडे जातो. खरी पंचाईत सात-आठ माणसांच्या शेडची. त्यांना आधार डब्ल्यूसी, म्हणजे कामगार भरपाईच्या, पॉलिसीचाच. तिचा हप्ता ठरतो आपण लिहून दिलेल्या मजुरीवर, आणि इथेच शेठजींची हुशारी सुरू होते. एजंट विचारतो, 'माणसं किती धरू?' 'चार धर, बाकीची ठेकेदाराची आहेत.' हप्त्याचे काही हजार वाचले म्हणून शेठ खूश. पण ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी म्हणे. ठेकेदार सापडला तर!

दुसरा प्रश्न रात्रीच्या मुक्कामाचा. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण गेले. परगावच्या कामगारांनी शेडमध्येच मुक्काम करणं आपल्याकडे नवं नाही. असा मुक्काम असेल तर तो विमा कंपनीला आधी लेखी कळवावा. रात्री झोपेत झालेला अपघात कामाच्या ओघातला की नाही, हा वाद दुर्घटनेनंतर घालण्यात मालकाचाच तोटा.

पॉलिसी घेताना हप्त्यावर घासाघीस जरूर करा, पण आधी दोन गोष्टी विचारा. ठेकेदाराची माणसं यात आहेत का? आणि दवाखान्याचा खर्च? साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो किंवा त्याला मर्यादा असते, जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, हे मात्र कायद्यात 2009 च्या दुरुस्तीपासून आहे. अंगठा गेल्यावर पहिलं बिल येतं ते दवाखान्याचंच, तेही त्याच रात्री.