दिवाळी अंकाला ज्ञान पोस्टाचे दार उघडा

करोंद आणि अवघ्या भोपाळमधल्या मराठी वाचकहो,

डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टाची जुनी स्वस्त सेवा गुंडाळली. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. दराबद्दल तक्रार नाही: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, कर वेगळा. पाकीट कुठवर आले तेही कळते. मेख आहे ती नियमांत. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तके चालतात. व्यापारी स्वरूपाचे, जाहिराती असलेले किंवा ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन चालत नाही. म्हणजे दिवाळी अंक बाद. आणि दिवाळी अंक ही काही फराळासोबतची चैन नव्हे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा आणि दीर्घ लेख याच अंकांच्या आधाराने वाढले. कागद, छपाई आणि लेखकाचे मानधन यांचा मोठा भार जाहिरातीच उचलतात. ज्या पानामुळे लेखकाला चार पैसे मिळतात, त्याच पानामुळे वाचकाला टपाल महाग! पुणेकराचे यात काही अडत नाही. तो अप्पा बळवंत चौकात जाऊन अंक चाळून घेतो. करोंदच्या मंडीत ट्रकच्या ट्रक माल उतरतो, पण मराठी अंक आणणारा आपला विक्रेता म्हणजे पोस्टमन.

कुणी म्हणेल, खाते तोट्यात असताना साबणाच्या जाहिरातींना सवलत का द्यावी? प्रश्न रास्त आहे. मग जाहिरातींच्या पानांवर मर्यादा घाला. सरसकट बंदी कशाला? मोबाइलवर वाचा, हा दुसरा सल्ला. वाचतोच, पण सगळेच अंक तिथे मिळत नाहीत. ऑनलाइन दुकाने घरपोच देतात हेही खरे, मात्र त्यांचे कमिशन लहान संपादकाला पेलत नाही.

केंद्राने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि टपाल खातेही केंद्राचेच. तेव्हा भोपाळच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलांकडे अर्ज करू या: वार्षिक साहित्यिक विशेषांकांना ज्ञान पोस्टाचा दर लावावा. अर्ज हिंदीत असू द्या, काम लवकर होईल. शेजारच्या बंगाली कुटुंबांच्याही सह्या घ्या. त्यांच्या पूजा अंकांनाही हाच नियम आडवा येतो.