अबोल बालकाचा पिता



गेल्या पावसाळ्यात एका घरी पाहिलेले दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हालत नाही. चार वर्षांचा मुलगा ओसरीवर बसून डब्याचे झाकण फिरवीत होता. झाकण फिरे, डगमगे, आडवे पडे. तो ते उचली व पुन्हा फिरवी. त्याचा बाप दिवसभर गवंडीकाम करून नुकताच आला होता. हातपाय धुऊन तो मुलासमोर उकिडवा बसला आणि विचारू लागला, "बाळ, हे काय? झाकण म्हण. इकडे बघ. बाबा म्हण." मुलाने मान वर केली नाही. तेव्हा बापाने झाकण काढून घेतले व म्हणाला, "आधी बाबा म्हण, मग देतो." त्यावर जो आकांत झाला तो चार घरे पलीकडे ऐकू गेला असेल. झाकण परत देऊन बाप उठला आणि जाता जाता मला म्हणाला, "फादर, त्याला त्याची आई पुरते. माझी ओळखच नाही त्याला."

हे बोल मी याआधीही, निराळ्या घरी, निराळ्या शब्दांत ऐकले आहेत. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

या मुलांच्या अवस्थेला वैद्यकशास्त्र ऑटिझम म्हणते. मराठीत स्वमग्नता असा शब्द रूढ झाला आहे. मला तो फारसा पसंत नाही, कारण मूल स्वतःतच बुडालेले आहे आणि त्याला इतरांची पर्वा नाही असे त्यातून ध्वनित होते. खरी गोष्ट अशी की, या मुलांच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आपल्याला न बोचणारा आवाज त्यांना बोचतो. चेहरा, नजर, शब्द यांचा मेळ घालणे त्यांना जड जाते. आणि जी वस्तू नेमाने एकसारखी वागते, जसे ते फिरणारे झाकण, तिच्यापाशी त्यांना विसावा मिळतो. (मिस्सेत घंटा वाजताच कानांवर हात ठेवून किंचाळणाऱ्या मुलाकडे माना वळवून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तर त्या आईबापांवर मोठे उपकार होतील.)

या अवस्थेचे एक गाजलेले सविस्तर वर्णन एका पित्याच्या पत्रापासून सुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एका वकिलाने १९३८ साली आपल्या डोनाल्ड नावाच्या मुलाविषयी बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांना तेहतीस पृष्ठांचे पत्र लिहिले. मुलगा एकटा असला की सर्वांत सुखी असतो, भांडी व गोल वस्तू गरगर फिरवितो, हाक मारली तरी फिरकत नाही, असे बारीकसारीक सर्व त्यात नोंदलेले होते. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिला मुलगा हाच डोनाल्ड. पुढे कित्येक वर्षे विद्वानांनी या अवस्थेचा दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंड वागण्यावर ठेविला. तो आरोप खोटा होता. बर्नार्ड रिमलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा पिता होता, १९६४ साली ग्रंथ लिहून त्याला जोराचा धक्का दिला. तरीही आपल्या गावांतून "आईने लक्ष दिले नाही" हे शब्द आजही ऐकू येतात, आणि बहुधा ते नवऱ्याच्या घरच्यांच्याच तोंडून येतात, हे लाजिरवाणे आहे.

डोनाल्डची पुढची हकीकत शेतकरी वाचकांना विशेष रुचेल. १९४२ साली, नऊ वर्षांचा असता, त्याला जवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेविले होते. त्याला मोजण्याचे व मापण्याचे वेड होते. त्या शेतकऱ्याने ते वेड मोडले नाही. विहीर खणायला लावून तिची खोली मोजून सांगावयास सांगितले. मुलगा मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजू लागला, तेव्हा नांगर धरून ओळी मोज असे त्याला सांगितले. कॅनर स्वतः पाहावयास गेले तेव्हा तो मुलगा घोडा व नांगर उत्तम सांभाळीत होता. पुढे तो महाविद्यालयात शिकला, बँकेत नोकरीस राहिला, एकटा परदेशी प्रवास करू लागला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्याच्या आईवडिलांपाशी पैसा होता हे खरे, आणि सर्व मुले अशी पुढे येत नाहीत हेही तितकेच खरे. परंतु त्या शेतकऱ्याने जे केले त्याला पैसा लागला नव्हता. मूल जेथे होते तेथे तो गेला, एवढेच.

आता आपल्या गवंड्याकडे येऊ. त्याची माया खोटी नव्हती. चुकले ते इतकेच की, खेळाची त्याने परीक्षा केली. आपण पुरुष माणसे मुलाशी खेळतो म्हणजे बहुधा प्रश्न विचारतो, हुकूम सोडतो आणि उत्तर ताबडतोब मागतो. फ्लॉरिडा विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका जेनिफर एल्डर यांनी अशा मुलांच्या पित्यांना घरी जाऊन शिकविले, व त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. शिकविण्याच्या मुख्य गोष्टींपैकी दोन अशा. मूल जे करील तेच आपणही रंगून जाऊन करावे. आणि मग थांबावे, मुलाकडे आशेने पाहत गप्प राहावे. बाप हे शिकले, आणि मुले आपण होऊन बापाकडे वळू लागली, अधिक आवाज करू लागली. पुढे काही पित्यांनी हेच आपल्या पत्नींनाही शिकविले.

गप्प राहणे हे बोलायला सोपे आहे. पुरुषाला पाच क्षणांची शांतता तासासारखी वाटते. पण या मुलाला ऐकलेले उमजायला, मग उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकला की त्याची जुळणी मोडते आणि त्याला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

गोव्यातही असे काम झाले आहे. तेथील संगत संस्था व पाकिस्तानातील रावळपिंडीचे संशोधक यांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांचा जो अभ्यास केला, तो २०१६ साली लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात छापला गेला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते पंधरवड्याने आईबापांना भेटत, त्यांचा मुलाशी चाललेला खेळ कॅमेऱ्यात टिपीत आणि तोच त्यांना दाखवून, येथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, येथे तुम्ही त्याला साद दिली, असे बोटाने दाखवीत. आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले व मुले आपण होऊन अधिक संवाद सुरू करू लागली. सर्वच मोजमापे मात्र अनुकूल आली नाहीत. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष गुंतविण्याचा वेळ उलट कमी भरला. यास्तव हा जादूचा मंत्र आहे असे मी म्हणणार नाही.

दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल, बोटाने काही दाखवीत नसेल, तर थांबू नका. प्रथम कान तपासा व जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांना भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे व त्याचे प्रमाणपत्र मिळते. ते घेण्यात कमीपणा नाही.

त्या गवंड्याला मी हे सर्व सांगितले नाही, इतकेच म्हणालो, "उद्यापासून आणखी एक झाकण आणा, आणि काही विचारू नका." त्याला ते पोरकट वाटले असावे. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा बापलेक ओसरीवर आपापली झाकणे फिरवीत होते. बापाचे झाकण आधी पडले. त्याने ते उचलले नाही. मुलगा काही वेळ त्या पडलेल्या झाकणाकडे पाहत राहिला. मग त्याने ते उचलून बापाच्या हातात कोंबले आणि त्याचा अंगठा धरून ओढला. शब्द एकही नव्हता. गवंड्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. तो झाकण फिरवू लागला.