कुलगुरु कीं ‘महिला कुलगुरु’?

एखाद्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदीं स्त्रीची नेमणूक झाली, कीं दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत ‘पहिल्या महिला कुलगुरु’ हा मथळा ठळक अक्षरांत झळकतो. मथळ्याखालीं बाईंच्या संसाराची, मुलाबाळांची आणि क्वचित् पेहरावाचीही हकीकत येते. त्यांचें संशोधन कोणत्या विषयांतील, विद्यापीठाच्या कारभारांत त्या कोणती सुधारणा करूं इच्छितात, हा मजकूर जागा उरल्यास शेवटीं येतो. आमच्या व्यवसायबंधूंस हा स्त्रीजातीचा गौरव वाटतो. आमचें मत निराळें आहे.

‘पहिली’ या शब्दानें खरोखर कोणाचें माप निघतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, डॉ. मेहरू बंगाली या तेथील पहिल्या स्त्री कुलगुरु १९८६ सालीं झाल्या. मध्यंतरींच्या १२९ वर्षांत योग्य स्त्री एकही नव्हती, असें कोणी छातीठोकपणें म्हणेल काय? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठास तर १९४९ सालीं, आरंभींच, हंसाबेन मेहता कुलगुरु म्हणून लाभल्या होत्या. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाचें उदाहरण याहून बोलकें आहे. १९२० सालीं त्याच्या पहिल्या कुलपति भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ या होत्या. तेथें स्त्री कुलगुरु येण्यास मात्र २०२४ साल उजाडावें लागलें. तात्पर्य, मानाची खुर्ची स्त्रीस देण्यास अडचण नव्हती, अडचण कारभाराची खुर्ची देण्यास होती. ‘पहिली’ हा मथळा बाईंचें प्रशस्तिपत्र नसून विद्यापीठाची थकबाकी आहे. इतका विलंब कां, निवड समितींत कोण बसतात, हे प्रश्न विचारल्यावांचून वार्ताहराचें कर्तव्य पुरें होत नाहीं.

शिवाय स्तुतीचा हा प्रकार निंदेसही वाट करून देतो. ज्यांचें बाईपण हेंच मुख्य लक्षण म्हणून आपण जाहीर केलें, त्यांची चूकही बाईपणाच्याच खात्यावर मांडली जाते. निकाल लांबले, तर पुरुष कुलगुरूंच्या परीक्षा विभागावर टीका होते. स्त्री कुलगुरूंच्या वेळीं ‘बाईंना कारभार झेपत नाहीं’ असा सूर निघतो. एकच कठोर निर्णय एकाच्या बाबतींत करडी शिस्त ठरतो, दुसरीच्या बाबतींत हट्ट. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठ १६३६ सालचें. २००७ सालीं ड्रू फॉस्ट यांची तेथें पहिल्या स्त्री अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हां आपण हार्वर्डच्या ‘महिला अध्यक्ष’ नसून हार्वर्डच्या अध्यक्ष आहों, असें त्यांनीं वार्ताहरांस स्पष्ट बजावलें. त्यांस स्त्रीत्वाचा संकोच नव्हता. पदाची ओळख पदाच्या कामानें व्हावी, इतकेंच त्यांचें म्हणणें होतें.

यावर कोणी म्हणेल, कीं अशा मथळ्यांनीं मुलींस उमेद येते. येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मथळ्याची उमेद दुसऱ्या दिवशीं रद्दींत जाते, कार्याची टिकते. १९९५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरु झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या नामांकित शल्यचिकित्सक होत्या. विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आईचेंही नांव असावें, हा निर्णय त्यांच्या कारकीर्दींत झाला. ज्या आयांनीं पोटास चिमटा घेऊन मुलें शिकविलीं, त्यांचें नांव त्या कागदावर आलें. अधिकार योग्य हातीं गेल्यानें काय होतें, हें दाखविण्यास याहून मोठा मथळा कोणता?

आमची सूचना साधी आहे. पुरुष कुलगुरूंस जो प्रश्न विचारण्यास आपणांस संकोच वाटेल, तो स्त्री कुलगुरूंस विचारूं नये. आणि त्यांस जो जाब विचारावयाचा, तो यांसही निर्भीडपणें विचारावा. रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागा, वेळेवर न लागणारे निकाल, वाढती फी, मुलींच्या वसतिगृहांची सोय, यांचा हिशेब दोघांकडूनही सारखाच मागावा. स्त्रीस सवलतीची स्तुति नको, समान कसोटी हवी. ती कसोटी लावण्याचें धैर्य वर्तमानपत्रांनीं दाखविलें, तरच समतेच्या बाजूनें लिहिलेल्या त्यांच्या अग्रलेखांस कांहीं अर्थ राहील.