पांढरे ठिपके गेले, म्हणून रोग गेला?

बालमित्रांनो, या आठवड्याचे पत्र शिवडीहून आले आहे. लिहिणारा सातवीत आहे. घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी, तिच्यात दोन क्लाउनफिश आणि एक कोळंबी. तो लिहितो : "मोठ्या माशाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. तो दगडाला अंग घासत होता. चार दिवसांनी ठिपके आपोआप गेले. मला वाटलं, बरा झाला. पण आठवड्याने दोघांच्याही अंगावर दुप्पट ठिपके! दुकानदारकाका म्हणतात, पाणी गरम कर आणि मीठ टाक. बाबा म्हणतात, हे मासे मेले तर पुन्हा आणायचे नाहीत. काय करू?"

मित्रा, आधी मीठ बाजूला ठेव. समुद्राच्या पाण्यात आणखी मीठ टाकून काय होणार? तो उपाय गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशसारख्या माशांचा. त्यांनाही असेच ठिपके येतात, पण तो जीव वेगळा. तुझ्या माशांना छळणाऱ्या परजीवीचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. शास्त्रज्ञांनी हे नाव १९५१ साली दिले. गंमत म्हणजे मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयही त्याच वर्षी सुरू झाले होते!

आता ठिपके गेले कुठे ते ऐक. हा जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसून तीन ते सात दिवस खातो. पोट भरले की सुटतो, तळाशी पडतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार होत दोनशेपर्यंत पिल्ले तयार होतात. याला निदान तीन दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे. बाहेर पडलेल्या पिल्लाला दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. म्हणजे तुला मासा बरा वाटला, तेव्हा रोग खाली वाळूत फौज वाढवत होता.

त्या 'निदान तीन दिवसां'तच उपाय आहे. प्लॅस्टिकचे दोन टब घे. पाण्याचा खारेपणा आणि तापमान पेटीइतकेच ठेव, हवेचा पंप लाव. दोन्ही मासे सोमवारी पहिल्या टबात सोड. गुरुवारी सकाळी दुसऱ्यात, रविवारी पुन्हा पहिल्यात, बुधवारी दुसऱ्यात. रिकामा झालेला टब, नळी, जाळी सगळे धुऊन खडखडीत वाळव. गळून पडलेली कवचे फुटायच्या आत मासे पुढे गेलेले असतात. औषध एक थेंबही नाही. पण उशीर मात्र एकदाही नको. शनिवारी ते फिल्टर लावलेल्या तिसऱ्या स्वच्छ टबात जातील.

मग पेटीचे काय? ती सुमारे अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवायची. कोळंबी तिथेच राहू दे. हा परजीवी तिच्यावर जगत नाही. तांब्याचे औषध मात्र त्या पेटीत कधीही घालू नकोस. ते कोळंबीला मारते, आणि मात्रा चुकली तर माशालाही. मासा भराभर श्वास घेत असेल तर कल्ल्यांत परजीवी भरलेत असे समज आणि सोमवारची वाट न पाहता आजच सुरुवात कर.

ताजा कलमात तू विचारलेस, "शिवडी बंदरावरून बादलीभर पाणी आणू का?" नको रे बाबा! तिथला चिखल फ्लेमिंगोंना आवडतो, तुझ्या माशांना नाही. पाणी गढूळ, त्यात बोटींचे तेल, आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. मत्स्यालयाचे पाकिटातले मीठच वापर आणि हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा ठेव.

बाबांना एक सांग. पुढे कधी नवा मासा आलाच, तर तो महिनाभर वेगळ्या टबात राहील आणि त्याची जाळीही वेगळी असेल. ओल्या जाळीतूनही हा पाहुणा घरात येतो. आणि अडीच महिने कोळंबीला खाऊ द्यायला विसरू नकोस, पेटी रिकामी दिसते म्हणून!