धारावीतल्या माळ्यावरच्या माणसाचं काय?

"धारावीचं आपल्याला काय करायचंय?" असं कट्ट्यावर विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

मंडळी, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या सास्तूर-किल्लारी पट्ट्यात सरकारी घरं मिळाली, तेव्हा शेती बघून घर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या माणसाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे ज्याच्याकडं आधीच जास्त, त्यालाच जास्त! हा हिशेब आपल्या म्हाताऱ्यांना आजही पाठ आहे. पण निदान आपली घरं भूकंपानं पाडली होती. धारावीत घरं उभी आहेत, चुली पेटतायत.

तिथला हिशेब तारखेचा आहे. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहत असाल तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर फुकट. २००० ते २०११ मधले असाल तर अडीच लाख भरा आणि धारावीबाहेर जा. त्यानंतर आलेले किंवा वरच्या माळ्यावर राहणारे असाल तर बाहेरच, तेही भाड्यानं किंवा हप्त्यानं. घर एकच, शिडी एकच. खालचा भाऊ पात्र आणि वरचा अपात्र!

अपात्रालाही काहीतरी देतायत, हे जुन्या झोपडपट्टी योजनांपेक्षा बरं आहे, मान्य. पण कुठं देतायत? देवनारच्या कचरा डेपोची जागा त्यात आहे, मुलुंड-कांजूरच्या मिठागरांची जमीन आहे. धारावीत चामड्याचं काम, कुंभारवाड्यातली मडकी, पापड, शिलाई हे सगळं घरात नाहीतर दोन गल्ल्यांवर चालतं. पापड लाटणारी बाई देवनारला गेली तर घर मिळेल हो, पण धंदा?

दुसरी बाजू बघा. या प्रकल्पात अदानी समूहाचे ८० टक्के, सरकारचे २० टक्के. मुंबईतल्या बिल्डरांना लागणाऱ्या टीडीआरपैकी पहिला ४० टक्के धारावीचाच घ्यावा लागेल, असा नियमही झाला. कंपनीच्या मालाला गिऱ्हाईक बांधून दिलं, माळ्यावरच्या माणसाला मात्र साधी धारावीत राहण्याची हमी नाही. म्हणून लोकांनी सर्वेक्षणाला विरोध केला, मोर्चे काढले. सगळ्यांना धारावीतच आणि ५०० चौरस फूट, एवढीच त्यांची मागणी आहे. माझ्या मते तीत वावगं काही नाही. गटारं, संडास, उजेड त्यांनाही हवाच आहे. पण ज्यांनी ही दलदल भरून वस्ती केली, त्यांनाच बाहेर काढून विकास कसला?

७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातनं मुंबईला गेलेली माणसं अशाच वस्त्यांत राहिली. तुमचं कुणी धारावीत असेल तर आज फोन लावा. जुनं वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, जे असेल ते शोधून झेरॉक्स काढून ठेवायला सांगा. माळ्यावर राहत असतील तर आधी त्यांना लावा.