नावेच्या तळाशी साचलेली आग

धाराशिव म्हटले की दुष्काळ आठवतो, नाव नव्हे. तरी परंडा तालुक्यात सीना-कोळेगावचा जलाशय आहे आणि शहर पाणी पिते ते उजनीचे. त्या उजनीत मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीदरम्यान बोट उलटून ६ जण दगावले. लाइफ जॅकेटचा प्रश्न ऐरणीवर आला. इंधनाचाही यायला हवा.

डिझेल त्यामानाने सोशीक. पेट्रोलची वाफ मात्र हवेहून तिप्पट-चौपट जड. शेतातल्या पंपापाशी ती वाऱ्यावर विरते. नावेत तळाशी साचते आणि मग एक ठिणगी पुरते. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेले ३० लिटर पेट्रोल विनापरवाना बाळगू देतो, पण काच, चिनी माती वा धातूच्या, घट्ट बुचाच्या भांड्यात. आपल्याकडे सर्रास दिसतो तो प्लॅस्टिकचा कॅन! टाकी काठावर उतरवून, इंजिन थंड झाल्यावर, विडी विझवून भरावी, हे नावाड्याला सांगायचे कोणी? मत्स्य खात्याने, पाटबंधारे खात्याने की तहसीलदारांनी?