रस आपला, रासा त्यांचा

इंडोनेशियन भाषेत 'भावना' या अर्थी 'पेरासाआन' हा शब्द आहे. त्याच्या पोटात 'रासा' आहे आणि तो संस्कृत 'रस'पासून आला, हे निर्विवाद. वाद आहे तो यापुढच्या वाक्याशी. आपल्याकडच्या चर्चासत्रांत हा शब्द निघाला की वक्ता खुलतो : 'पाहा, भरतमुनींचा रससिद्धान्त थेट जावापर्यंत पोचला!' टाळ्या पडतात. शब्दाची जन्मपत्रिका हाती आली म्हणजे त्याचा अर्थही हाती आला, अशी ही समजूत. साहित्याच्या अभ्यासकांना ती शोभत नाही.

भरताच्या विवेचनात भाव आणि रस एक नव्हेत. घरातला शोक म्हणजे करुण रस नव्हे; विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रंगभूमीवर जो निष्पन्न होतो, तो रस. आता 'रासा' पाहा. जिभेला कळणारी चव म्हणजे रासा. 'रासा साकित' म्हणजे वेदना, 'रासा ताकुत' म्हणजे भीती आणि 'साया रासा' म्हणजे 'मला वाटते'. चव, संवेदना, भावना, मत हे सारे एकाच शब्दात. आपल्या साहित्यशास्त्राने जो भेद कसोशीने जपला, तो येथे नाहीच. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 'द रिलिजन ऑफ जावा' (१९६०) या ग्रंथात जावानीज रासाचे दोन प्रमुख अर्थ सांगितले : 'भावना' आणि 'अर्थ'. ही जोडणी जावाची आहे. भरताच्या नावे ती जमा करता येणार नाही.

इतर शब्दही हेच सांगतात. इंडोनेशियन 'चिंता' म्हणजे प्रेम. आपला 'गंभीर' तिकडे 'गंबिरा' झाला आणि आनंदी झाला. डच भाषेतून आलेला 'एमोसी' बोलीत चक्क 'राग' या अर्थी वापरतात. मूळ अर्थावर विसंबून भाषांतर करणारा विद्यार्थी प्रेमपत्राचे काळजीपत्र करून ठेवील.

कोणी म्हणेल, जावाच्या कवींना संस्कृत काव्य ठाऊक होतेच ना? होतेच. जुन्या जावानीज भाषेतील 'रामायण काकाविन' भट्टिकाव्याच्या आधारानेच उभे राहिले. पूर्वार्धात ते त्याच्या मागोमाग चालते, पुढे मात्र स्वतःची वाट धरते. यावरून सिद्ध होते ते एवढेच की ते कवी चोखंदळ वाचक होते, नकलनवीस नव्हते. त्यांचे हे कर्तृत्व आपण 'आपला प्रभाव' या दोन शब्दांत गिळून टाकतो.

आणि दूर कशाला जायचे? संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, अनुराग. मराठीत राग म्हणजे संताप. उद्या एखाद्या संस्कृत पंडिताने आपल्याला बजावले की तुमच्या रागाचा खरा अर्थ प्रेमच आहे, तर आपण ते ऐकून घेऊ काय? आपल्याला राग येईल, आणि तो मराठीच असेल.

व्युत्पत्ती शब्द कोठून निघाला ते सांगते. तो कोठे पोचला, हे त्या भाषेत जगणारी माणसेच सांगू शकतात. आपण त्यांना काही विचारतच नाही. नुसते अभिनंदन करतो, तेही स्वतःचे.